दगड माझे, तांबं नवऱ्याचं: दोन्ही एकत्र कसं बसवायचं?

खडेवाली, कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मागचं रामायण सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

मी दगड जमवते. रत्नं नव्हेत, दगड. वाघोली, पाषाण, सासवडकडच्या विहिरींची खोदकामं, जिथे म्हणून काळा कातळ फुटतो तिथे मी २८ वर्षं जातेय. खाणमालकाला विचारून, क्रशर बंद असताना. पहिली कित्येक वर्षं नवरा गाडीत बसून पेपर वाचायचा आणि निघताना पोतं उचलायचा, एवढाच त्याचा सहभाग. आता आमच्या दिवाणाच्या पोटात १४ क्रेट आहेत. पाहुणे आले की आधी वाघोली बाहेर काढायची, मग गादी.

दोन वर्षांपूर्वी नवरा चिंचवडच्या कंपनीतून निवृत्त झाला. एका रविवारी जुन्या बाजारात मी एका अकिकाच्या खड्यावरून हुज्जत घालत होते, तेवढ्यात हा गायब. परत आला तो रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तान्ह्या बाळाला धरावं तसा. म्हणाला, "ऐरण." त्यानंतर बोहरी आळीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कानशी, पत्र्याची कातर, चिमटे, गॅसची टॉर्च. बाल्कनी त्याची झाली, तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. पहिल्या चार-पाच ताटल्या अशा होत्या की वरण वाढलं तर एका बाजूला जमायचं. आता हात बरा बसलाय.

मग त्याच्याच डोक्यात आलं की दोघांनी मिळून एक वस्तू करू. लेकीसाठी पेंडंट. मी माझ्याकडचा पाषाणच्या हिरव्या ॲपोफिलाइटचा करंगळीच्या नखाएवढा खडा दिला. त्याने तांब्याच्या पट्टीचं कोंदण केलं, खडा बसतो का बघायला आत ठेवला, आणि तेवढ्यात त्याला दिसलं की पट्टीचा सांधा उकललाय. "दोन सेकंदांचं काम आहे" म्हणत त्याने खडा आत असतानाच टॉर्च लावली. पापड भाजताना येतो तसा बारीक तडतड आवाज आला. खडा आधी दुधाळ झाला, मग पानं सुटावीत तसा उलगडत गेला. मी चार वाजताचा चहा एकटीने घेतला.

तर प्रश्न असा. आपल्या भागातले कुठले दगड ही आग सोसतात? आणि सोसतच नसतील तर ते धातूत बसवायचे तरी कसे? जाता जाता, लिफ्टपाशी "दुसऱ्या मजल्यावरील कारखान्यास सूचना" अशी चिठ्ठी लागली आहे. त्यावरही काही सुचत असेल तर सांगा.

काळा कातळ

३० वर्षं भूशास्त्र शिकवलं, म्हणून अधिकाराने रागावतो. ताई, तुम्ही २८ वर्षं हे दगड हाताळताय आणि त्यात पाणी असतं हे यजमानांना सांगितलं नाहीत?

ॲपोफिलाइटच्या वजनात साधारण १६ टक्के पाणी असतं. ओलावा नव्हे, स्फटिकाच्या रचनेत बसलेलं पाणी. तापवलं की ते वाट काढतं, आणि या खनिजाला एका दिशेने सुटायची सवय असल्यामुळे ते पानापानाने सुटतं. ग्रीक भाषेतून आलेल्या त्याच्या नावाचा अर्थच तो आहे. वरून बघितलं तर ज्या सपाट बाजूला मोत्यासारखी चमक दिसते ना, तीच ती दिशा. त्यात फ्लोरीनही असतं, तेव्हा ती वाफ नाकात गेली नसेल तर बरं. हिरवा रंग व्हॅनेडियमचा. वाघोलीच्या निळ्या कॅव्हनसाइटमध्येही तेच व्हॅनेडियम, नावातला 'व्हॅन' तिथून आला.

स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट या खऱ्या झिओलाइट गटातल्या खनिजांचीही तीच गत. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असला दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून 'उकळणारा दगड' या अर्थाचं झिओलाइट हे नाव पडलं. थोडक्यात, तुमच्या यजमानांनी बाल्कनीत एक जुना प्रयोग केला. मी वर्गात हाच प्रयोग परीक्षानळीत करायचो. तळाशी स्टिलबाइटचा तुकडा, खाली बर्नर, आणि मिनिटाभरात नळीच्या वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळ्यांत साठलेलं पाणी आहे म्हटलं की मागच्या बाकावरचेही उठून पुढे यायचे.

बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं, १८६३ मध्ये ते पुरं झालं, तेव्हापासून हे स्फटिक परदेशी संग्रहालयांत जातायत. आणि आपण त्याचं पेंडंट करतोय! १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅव्हनसाइटचा कठीणपणा ३ ते ४, स्टिलबाइटचा साडेतीनच्या आसपास, ॲपोफिलाइट फार तर ५. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, त्याचा ७. अंगावर वापराल तर वर्षभरात चमक गेलीच. अंगावर घालायचं असेल तर गारगोटी किंवा अकीक घ्या. पण ज्योत त्यांनाही लावू नका, एकदम तापले की तेही तडकतात.

ब्लॉक नंबर ७

मी तुमच्या खालच्या मजल्यावर राहत नाही, पण तशाच एका खालच्या मजल्यावर राहतो. हातोड्यापेक्षा त्रास होतो तो फरशीतून येणाऱ्या धक्क्याचा. तो रूळ थेट फरशीवर ठेवला असेल तर चिठ्ठी लावणाऱ्याचं बरोबर आहे. लाकडी ओंडक्यावर ठेवा, ओंडका वाळूच्या घमेल्यात, घमेल्याखाली जाड रबर. आणि कृपा करून स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च जोडू नका. नियमात बसत नाही ते एक, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बाल्कनीच्या कोपऱ्यात खाली साचून राहतो.

आळीतला

आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीत. मी स्वतः आता बँकेत आहे, पण लहानपणी झोप ठोक्यांच्या आवाजातच लागायची. आवाज बंद झाला की जाग यायची.

काकू, काकांना सांगा, डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायचा, तो दगड घरात नसताना. हे गमतीने म्हणत नाही. आधी धातूचं काम पूर्ण. डाग, मग चिंचेच्या पाण्यात टाकून काळं काढायचं, घासायचं, पुसायचं, सांधा नखाने ओढून बघायचा. सगळं गार झालं की मगच दगडाला बोलवायचं. दगड बसवताना आग नाही, पाणी नाही, चिंच नाही, लिंबू नाही. तुमच्या दगडाला कॅल्साइट चिकटलेलं असेल तर लिंबाच्या पाण्यातही ते फसफसून जाईल.

दुसरं. तांबं ठोकत गेलं की कडक होतं. माझे आजोबा ते कानाने ओळखायचे. मऊ पत्र्यावर ठोका बद्द येतो. ठोकत राहिलं की आवाज चढत जातो आणि एका वेळी टणटण वाजायला लागतो. तिथे थांबायचं. तिथून पुढे रेटलं तर कडेला चीर पडते. मग भट्टीत घालून मंद लाल करायचं आणि सरळ पाण्यात. लोखंड असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. नवीन माणसाला हे पटत नाही, काकांना करून बघू दे. मठारकाम, म्हणजे भांड्यावरचे ते एकसारखे ठोक्यांचे डोळे, लोकांना नक्षी वाटतात. नक्षी आहेच, पण त्याने भांड्याला ताठपणा येतो.

मला विचाराल तर पेंडंट सोडून द्या. काकूंच्या मोठ्या खड्यांना बैठक करा. खाली मठारलेली तबकडी आणि तिच्यातून वर आलेल्या तीन-चार नख्या, जाड तारेच्या. नख्या मऊ ठेवल्या की नुसत्या बोटाने वळतात. दगडाला टेकते तिथे मेणाचा एक ठिपका.

अकीक आणि चांदी

आम्हीही दोघं. मी चांदी करते, तो अकीक कापतो. आमच्या दोन चुका सांगते, तुम्ही नव्या करा.

तो पहिले सहा महिने दगड कोरडाच घासायचा. टेरेसवर पांढरी पूड, त्याच्या पापण्यांवर पांढरी पूड. ती सिलिका असते, फुप्फुसात गेली की परत येत नाही. आता चाकावर सतत पाणी आणि शिवाय मास्क. दुसरी चूक माझी. जुन्या बाजारातला पितळी तांब्या कापून मी त्याला डाग द्यायला गेले. पितळात जस्त असतं, जास्त तापलं की पांढरा धूर निघतो. रात्री हुडहुडी भरून ताप. मी मलेरिया समजून रक्त तपासून आले. सकाळी उतरला. नवऱ्याला तांब्यातच राहू द्या, आणि गॅल्व्हनाइज्ड तारही ज्योतीपासून लांब. चांदीचा डाग विकत घेताना त्यात विषारी कॅडमियम नाही ना, एवढं विचाराच.

बाकी, चार वाजताचा चहा एकटीने घेण्याबद्दल पूर्ण पाठिंबा.

खडेवाली, कोथरूड

सगळ्यांचे आभार. कातळसर, मला माहीत होतं हो! पण 'तापवू नको' हे मला माहीत असणं आणि टॉर्च हातात असलेल्या माणसाला ते माहीत असणं यात आमच्या घरी एक बाल्कनीचं दार आहे, आणि ते बंद होतं.

आळीतल्या दादांचं उत्तर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. "लोखंड कडक, तांबं मऊ" ऐकल्यावर इंजिनिअरसाहेब म्हणाले, "ते मला कॉलेजातच शिकवलंय." मग उठून बाल्कनीत गेले. पाच मिनिटांनी पाण्यात चुर्रर्र आणि पाठोपाठ "अगं, खरंच वाकतंय!"

बैठकीची कल्पना दोघांनाही आवडली. माझ्याकडे एक पीच रंगाचा स्टिलबाइट आहे, मेथीची जुडी मधे आवळून बांधावी तसा, खाली मांजऱ्या दगडाचं बूड. १९९९ साली एका विहिरीच्या ढिगाऱ्यात मिळाला होता. तो आजवर कधी उभा राहिलेला नाही, आडवाच असतो. बूड फार वेडंवाकडं आहे. त्याचा आकार तांब्यात कसा उतरवायचा?

आळीतला

कणकेत. दगडाचं फक्त बूड दाबा, वरचा खडा फडक्यात गुंडाळून. ठसा वाळला की त्यावरून काकांना नख्यांच्या जागा आणि लांबी घेता येईल. मग खरा दगड शेवटपर्यंत बाल्कनीच्या बाहेर.

काळा कातळ

बूड मांजऱ्याचं आहे म्हणजे छिद्रं असणार. आधी पातळ प्लॅस्टिक लावा, नाहीतर कणीक आत राहील.

खडेवाली, कोथरूड

तीन आठवड्यांनी लिहितेय.

झाली बैठक. २४ गेजचा पत्रा, वितीएवढी तबकडी, चार नख्या. मठार सगळीकडे सारखा नाही, एका बाजूला डोळे मोठे आहेत. तिथे तो फोनवर बोलत ठोकत होता. रूळ आता बाभळीच्या ओंडक्यावर आणि ओंडका घमेल्यात. चिठ्ठी अजून लिफ्टपाशी आहे, पण खालच्या काकांनी विचारलं की पितळी समईचा दांडा हलतोय, बघाल का. मी पितळ म्हटल्याबरोबर दोघं एकदम "तापवायचं नाही" म्हणालो. आटे घासले होते, नवा स्क्रू घालून बसला.

दगड बसवायचं काम माझ्याकडे होतं. त्याने नख्या इतक्या मऊ करून दिल्या होत्या की मी अंगठ्याने एकेक वळवली. चौथ्या नखीला मी श्वास धरला होता आणि हा दारात उभा राहून "हळू, हळू" करत होता, जसं काही दगड त्याचाच. चोवीस-पंचवीस वर्षांनी तो स्टिलबाइट उभा आहे. जरा डावीकडे झुकलाय. तो म्हणतो दगड वाकडा, मी म्हणते बैठक.

कातळसर, प्लॅस्टिकचं तुमचं म्हणणं मी उशिरा वाचलं. बुडाच्या एका छिद्रात कणीक राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुळशीपासून शोकेसपर्यंत मुंग्यांची रांग. टाचणीने काढतेय, अजून निघते आहे.