मदत हवी आहे: तेरा वर्षांची एकच पिचर, तिचा खांदा दुखतोय आणि स्पर्धा दीड महिन्यावर

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आमचे क्रीडाशिक्षक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि चौदा वर्षांखालच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ माझ्याकडे आला. मी कॉलेजात खो-खो खेळले आहे. सॉफ्टबॉल मात्र या मुलींबरोबरच शिकत गेले. फक्की मारून डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, कसा आखायचा, हेसुद्धा त्यांनीच दाखवलं. आता त्यांच्यात जीव गुंतलाय, म्हणून जरा मोठं लिहितेय.

संघात चौदा मुली आहेत. पिचर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्या मुलीला बॉल टाकणारी, एकच, आठवीतली. नाव लिहीत नाही. मागच्या वर्षी पहिल्याच सामन्यात, दुसऱ्या इनिंगला तिने ओळीने सहा वॉक दिले, म्हणजे बॉल बाहेर पडत राहिल्याने सहा जणींना फुकट बेस मिळाला. समोरच्या मुलींना बॅट फिरवायचीही गरज पडली नाही, तीन रन नुसते चालत आले. ती रडली नाही. प्रत्येक बॉलनंतर ग्लव्ह तोंडासमोर धरायची आणि आत काहीतरी पुटपुटायची. नंतर विचारलं तर म्हणाली, "मोजत होते मॅडम, किती झाले ते."

त्यानंतर तिने घरामागच्या गोठ्याच्या भिंतीला गोणपाट टांगलं, त्यावर कोळशाने चौकोन काढला, टेप घेऊन पिचिंगचं अंतर, ४३ फूट, मोजलं आणि रोज सकाळी शाळेआधी बॉल टाकायला लागली. बॉल घरी न्यायला मीच दिला होता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दहातले सहा बॉल चौकोनात पडत होते. पूर्ण विंडमिल, हात गोल फिरवून. मला इतका आनंद झाला की आणखी काही पाहायचं मला सुचलंच नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. वरच्या ओळीपर्यंत तिचा हात जाईना. लिहिता लिहिता तिने डाव्या हाताने उजवं कोपर खालून उचलून धरलं, आणि खडू तसाच पुढे चालवत राहिली. वर्गात कोणाच्या लक्षातही आलं नाही. तासानंतर विचारलं तेव्हा कळलं, दहा दिवसांपासून खांद्याला पुढच्या बाजूने दुखतंय. सकाळी घरी शंभरेक बॉल, संध्याकाळी मैदानावर पुन्हा साठ-सत्तर. सांगितलं का नाही म्हटलं, तर म्हणाली, "मी नाही टाकला तर कोण टाकेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलं. हाडाचं काही नाही, तीन आठवडे बॉल टाकायचा नाही असं सांगितलंय. पण आमचे एक सहकारी म्हणतात, "अंडरहँड, म्हणजे हात खालून आणून, टाकल्याने खांद्याला काही होत नसतं. जपानच्या पिचर उएनोने बीजिंग ऑलिंपिकला दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले होते." तिच्या वडिलांनाही हे पटलंय. मला पटत नाही, पण त्यांना समजावून सांगण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नाही.

तर मला हे विचारायचंय. तीन आठवड्यांनंतर तिला पुन्हा कसं सुरू करू, दिवसाला किती बॉल? दीड महिन्यात दुसरी पिचर तयार होईल का? शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, खेळणारी एक सातवीतली मुलगी आहे, तिचा थ्रो सरळ आणि जोरदार आहे. पण तिला पिचिंगला उभं केलं की आमची पिचर गप्प होते. आपली जागा गेली असं तिला वाटतंय, आणि तिने ती जागा किती कष्टाने मिळवलीय हे मी पाहिलंय. दोघींपैकी कोणीच दुखावू नये असं वाटतं.

आणखी एक. गणवेश पांढऱ्या ट्राउझरचा आहे. पाळीच्या दिवसांत मुली काहीतरी कारण सांगून सरावाला येत नाहीत, आल्या तर स्लाइड करत नाहीत, म्हणजे बेसवर घसरत जात नाहीत. कोणी यावर काही केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी न्यू जर्सीत मुलीच्या संघाला शिकवतो, स्वयंसेवक म्हणून. इकडे दहा वर्षांखालच्या मुली ११ इंच घेराच्या बॉलने ३५ फुटांवरून टाकतात, बारा वर्षांखालच्या १२ इंची बॉलने ४० फुटांवरून. ४३ फूट त्यानंतर येतं. तुमच्या सातवीतल्या मुलीला पहिल्याच दिवशी ४३ फुटांवर उभं करू नका. २५ फुटांपासून सुरुवात करा आणि स्ट्राइक, म्हणजे चौकोनात बसणारे बॉल, पडायला लागल्या की दोन-दोन पावलं मागे न्या.

प्रतिसाद २

मॅडम, मी अमरावतीची. विद्यापीठाकडून चार वर्षं पिचिंग केलंय, आता मुलींना शिकवते.

आधी खांद्याचं. अंडरहँडने काही होत नाही हा समज आमच्या वेळीही होता, आणि त्यापायी माझ्या बरोबरीच्या दोघींनी खेळ सोडला. विंडमिलमध्ये हात वरून खाली वेगाने येतो आणि मांडीजवळ बॉल सुटतो, तेव्हा खांद्याच्या पुढच्या भागावर, दंडाचा स्नायू जिथे वर जोडलेला असतो तिथे, मोठा ताण पडतो. तुमची मुलगी बोट ठेवून दाखवतेय ती जागा हीच असणार. उएनो २००८ मध्ये २६ वर्षांची होती, पूर्ण वाढ झालेली खेळाडू. तुमच्या पिचरच्या वडिलांना उएनोची पुढची गोष्टही सांगा. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ती ३९ वर्षांची होती. सहाव्या इनिंगला तिला बाहेर घेतलं, वीस वर्षांच्या मिऊ गोतोने बॉल टाकले आणि सातव्या इनिंगला उएनो परत आली. जपान २-० ने जिंकलं. सुरुवातीला खेळणारी खेळाडू एकदा बाहेर जाऊन परत येऊ शकते, हा सॉफ्टबॉलचा नियमच आहे. बाहेर न काढता फर्स्ट बेसला उभं केलं तरी चालतं, तिथे थ्रो कमी करावे लागतात. तुमच्या मुलीला हे नीट समजावा. दुसरी पिचर आली म्हणजे आपण गेलो असं होत नाही, हे तिला कोणीतरी नियमासकट सांगायला हवं.

आता एक काम करा. तिच्या उजव्या बुटाचं टोक बघा. पिचर पुढे झेप घेते तेव्हा मागचा पाय अंगठ्याच्या बाजूने जमिनीवर घासत येतो. महिना-दोन महिने रोज पिचिंग करणाऱ्या मुलीचा कॅनव्हासचा बूट तिथे फाटायलाच हवा. टोक कोरं असेल तर पाय ढकलत नाहीयेत आणि सगळा जोर एकटा हात लावतोय.

विश्रांतीनंतर डॉक्टरांनी हो म्हटलं तरच सुरू करा. पहिला आठवडा फक्त मनगट: पंधरा फुटांवर उभं राहायचं, हात मांडीजवळ, नुसत्या झटक्याने बॉल सोडायचा. वीस-पंचवीस बॉल, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात हात मागे खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन तिथून खाली, म्हणजे अर्धाच गोल. पूर्ण विंडमिल तिसऱ्या आठवड्यात, तीही तीस फुटांवरून. प्रत्येक बॉल वहीत लिहायचा, घरी टाकलेलासुद्धा. दुखलं की त्या दिवसापुरतं बंद. तुमचे तीन आठवडे विश्रांतीत जाणार आणि हे तीन, म्हणजे स्पर्धेला ती जेमतेम एखाद-दोन इनिंग टाकेल. ते मनाशी धरूनच चला.

सातवीतल्या मुलीला विंडमिल शिकवूच नका आत्ता. स्लिंगशॉट शिकवा, हात मागे न्यायचा आणि तसाच पुढे आणायचा. नियमात बसतं, वेग कमी मिळतो, पण दीड महिन्यात स्ट्राइक पडायला लागतात. बॉल वर जात असेल तर ती उशिरा सोडतेय, जमिनीवर आपटत असेल तर लवकर. एवढी एक गोष्ट मुलींना कळली की त्या स्वतःच सुधारतात. पावसात मैदान नसेल तर जुन्या मोज्यात बॉल घालून गाठ मारा आणि व्हरांड्यात सराव घ्या.

ट्राउझर नेव्ही ब्लू करून घ्या, आम्ही पाच वर्षांपूर्वी केली. किट बॅगेत पॅड आणि एक जादा ट्राउझर कायम ठेवा आणि ती कुठे ठेवलीय हे सगळ्या मुलींना माहीत असू द्या, म्हणजे कोणाला मागावी लागणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. बूट पाहिला. टाच झिजलीय, टोक अगदी कोरं. तिला दाखवलं तर बराच वेळ ती हातात बूट घेऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी पाय वापरतच नव्हते."

तिच्या वडिलांना शनिवारी शाळेत बोलावलं आणि मोबाइलवर टोकियोचा सामना दाखवला. उएनो परत मैदानात येते तिथे त्यांनी मला व्हिडिओ मागे घ्यायला सांगितला आणि पुन्हा पाहिलं. गोठ्यावरचं गोणपाट सध्या काढून ठेवलंय.

सोमवारपासून सातवीतली मुलगी स्लिंगशॉट टाकतेय, पंचवीस फुटांवरून. वही आमच्या पिचरकडे दिलीय. काल तिने माझ्याआधीच ओरडून सांगितलं, "उशिरा सोडतेयस, म्हणून वर जातोय." पुढचे चारही बॉल नेमके जागेवर बसले.

ट्राउझरचं मुख्याध्यापकांना विचारलंय, कापड बघायला सांगितलंय.

अजून एक विचारते. सहावीतली एक डावखुरी मुलगी सरावाला यायला लागलीय. आमच्याकडचे सगळे ग्लव्ह डाव्या हातात घालायचे आहेत, त्यामुळे ती बॉल झेलते, ग्लव्ह काखेत काढते आणि मग थ्रो करते. उजव्या हातात घालायचा, लहान मापाचा, जुना चालेल असा ग्लव्ह कोणाकडे आहे का?