मोबाइलवरचा दशावतार जुन्या डीव्हीडी प्लेअरवर कसा चालवायचा?

कुडाळची_लेक:
जत्रेतल्या दशावताराचं मी मोबाइलवर चित्रण केलंय. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, सोडून नुसतं आख्यान, दोन तास चाळीस मिनिटं. फाइल एमपी४, फुल एचडी. बाबांना ते टीव्हीवर बघायचंय. आयुष्यभर त्यांनी मंडळात झांज धरली, आता रात्रभर बसवत नाही. त्यांच्या प्लेअरला पेनड्राइव्ह लागत नाही. फाइल डीव्हीडीवर कॉपी केली तर संगणकावर दिसते, प्लेअर ओळखतच नाही. काय करावं? आवाज चांगलाच हवा, बाबांचा अर्धा जीव पखवाजात असतो.

जुनी_तबकडी:
ताई, जुन्या प्लेअरला एमपी४ कळत नाही. त्याला एमपीईजी-२ चित्र लागतं, आवाज ४८ किलोहर्ट्झचा एसी३, आणि हे सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये ठराविक रचनेत. डीव्हीडीस्टायलर हे फुकटचं सॉफ्टवेअर रूपांतर करतं, मेनू आणि फोल्डरही तयार करतं. आकार १६:९ निवडा.

पण माझं कळकळीचं सांगणं, अख्खं आख्यान एका डिस्कवर कोंबू नका. ४.७ जीबीमध्ये १६० मिनिटं बसवली तर सेकंदाला जेमतेम ३.९ मेगाबिट (हाच बिटरेट) मिळतात, त्यातूनच आवाजही जायचा. रात्रीचा खेळ, मागे काळोख. अशा चित्रात कमी बिटरेटचे चौकोन लगेच उठून दिसतात. दोन डिस्क करा. ८० मिनिटांना चित्राला ६ ते ७ मेगाबिट सहज देता येतात, आवाजाला २५६ किलोबिट. मध्ये तोडताना घड्याळ बघू नका, एखादा प्रवेश संपतो तिथे तोडा. चालू पदात डिस्क बदलायला लागली तर ऐकणाऱ्याचा विरस होतो.

रात्रपाळी:
टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती असतात, पाल की एनटीएससी, तेही बघा. आपल्याकडे पाल, म्हणजे ७२०×५७६, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). मोबाइल बहुधा ३० चौकटींनी घेतो. पालमध्ये नेताना सेकंदाला पाच चौकटी गळतात आणि युद्धाच्या नाचात गिरक्या अडखळतात. प्लेअर आणि टीव्ही दोन्ही चालवत असतील तर एनटीएससी घ्या, ७२०×४८०, तिथे चौकटी जवळजवळ ३० असतात. उभं चित्रण असेल तर दोन्ही बाजूंना काळं राहणारच, ते ताणू नका. मुकुट आणि चेहरे बेढब होतात.

कुडाळची_लेक:
चित्रण आडवंच आहे. प्लेअरच्या पुस्तिकेत पाल आणि एनटीएससी दोन्ही लिहिलंय. बर्न कशाने करू? आणि पखवाज जोरात वाजला की आवाज फाटेल का?

जुनी_तबकडी:
डीव्हीडीस्टायलरमधून आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, काढा आणि इमगबर्नने डीव्हीडी-आरवर लिहा. वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, शेवटी व्हेरिफाय करा. आवाज मूळ चित्रणातच फाटला असेल तर पुढे कशानेही सुधारत नाही, म्हणून आधी हेडफोन लावून एकदा ऐका. तिथे स्वच्छ असेल तर रूपांतर करताना आवाजाची पातळी वाढवू नका, टीव्हीचा आवाज मोठा करता येतो. पखवाजाची थाप त्यामुळेच मोकळी राहते. मूळ एमपी४ पुसू नका, हार्ड डिस्कवर जपा. डीव्हीडीवर चित्र एचडी राहत नाही.