मदत हवी आहे : बाघचालमध्ये बकऱ्यांकडून जिंकता येतं का?

नेपाळचा बाघचाल हा पटावरचा खेळ कुणी नियमित खेळतं का? ४ वाघ, २० बकऱ्या, २५ बिंदूंचा पट. वाघांकडून मी बरा खेळतो, पण बकऱ्या घेतल्या की हमखास हरतो.

सुरुवात जमते. पहिली बकरी कडेच्या मधल्या बिंदूवर ठेवतो. वाघ शेजारी आला की तिच्या पलीकडचा बिंदू दुसरीने भरतो, म्हणजे पहिलीवरून उडी मारून तिला खायला त्याला जागाच उरत नाही. कडेवरच्या बकरीवरून फक्त कडेनेच उडी मारता येते, त्यामुळे आधी कडा भरायच्या हेही कळलं. घोळ होतो तो सगळ्या २० बकऱ्या पटावर आल्यावर. तोवर नुसतं ठेवायचं असतं, नंतर प्रत्येक वेळी एक हलवावीच लागते आणि तिने सोडलेल्या जागेतच वाघ उडी घेतो! बघता बघता पाच जातात, डाव संपतो.

शेवटच्या चार-पाच बकऱ्या कुठे ठेवता? मधला बिंदू आधीच अडवावा की वाघाला तिथे येऊ देऊन घेरावं? एखाद-दुसरी बकरी मुद्दाम देऊन वाघ कोपऱ्यात कोंडता येतो का? चालींसकट सांगितलंत तर पट मांडून बघेन.