मदत हवी आहे : प्लाझ्मा दिलेले पाणी एका रात्रीत निष्प्रभ का होते?

सर्वांना नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून जखमा धुण्यासाठी प्लाझ्मा दिलेले द्रव उपयोगी पडतील का, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव नव्हे, तर उच्च विद्युतदाबाने आयनीभवन झालेला वायू. हा खुलासा मला घरी दर आठवड्याला करावा लागतो.

आमच्या उपकरणात काचेने झाकलेल्या विद्युतअग्राखाली, द्रवापासून काही मिलिमीटर अंतरावर, साध्या हवेतच विद्युत विसर्ग घडवला जातो. 20 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी त्याखाली 10 मिनिटे ठेवले की त्याचा सामू 3 च्या खाली उतरतो, चाचणीपट्टीवर नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही दिसतात आणि हे ताजे पाणी स्टॅफिलोकॉकस ऑरिअस जंतूंना चांगलेच मारते. मात्र दुसऱ्या दिवशी, सामू जवळजवळ तेवढाच असूनही, त्याच पाण्याचा परिणाम नुसत्या आम्लयुक्त पाण्याइतकाच उरतो. उणे 20 अंशांवर गोठवलेल्या नमुन्यातही नायट्राइट सापडले नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.

प्लाझ्मा दिलेल्या रिंगर लॅक्टेट सलाईनचे (सोडियम लॅक्टेटसह चार क्षारांच्या द्रावणाचे) वागणे याच्या नेमके उलट आहे. त्यातले पेरॉक्साइड दुसऱ्या दिवशीही टिकते, पण जंतू फारसे मरत नाहीत. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या गटाने 2011 मध्ये प्लाझ्मा दिलेल्या पेशीसंवर्धन माध्यमाने आणि 2016 मध्ये प्लाझ्मा दिलेल्या रिंगर लॅक्टेटने मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी मरतात असे दाखवले होते. मग माझ्या जंतूंवर त्याचा परिणाम का होऊ नये? शिवाय टायटॅनियम ऑक्सिसल्फेटने (पेरॉक्साइडशी पिवळा रंग देणाऱ्या अभिकर्मकाने) पेरॉक्साइड मोजताना पाण्याच्या नमुन्यांत प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. सामू साधारण 3.4 च्या खाली गेला की बहुतांश नायट्राइटचे नायट्रस आम्ल होते, त्याची पेरॉक्साइडशी अभिक्रिया होऊन पेरॉक्सीनायट्रस आम्ल बनते आणि ते सेकंदभरातच मोडून मुख्यतः नायट्रेट उरते. ताज्या पाण्यातले जंतू बहुधा याच घडामोडीत मरतात; रात्रभरात नायट्राइट संपले की मारक क्षमताही संपते, पण नायट्रिक आम्ल शिल्लक राहिल्यामुळे सामू वर चढत नाही. सावकाश गोठताना विरघळलेले सारे घटक उरलेल्या थोड्या द्रवात दाटतात, त्यामुळे साध्या फ्रीझरमध्ये ही अभिक्रिया थांबण्याऐवजी वेग घेऊ शकते. रिंगर लॅक्टेटमध्ये मात्र लॅक्टेट सामू फार उतरू देत नाही, म्हणून दोन्ही घटक एकमेकांना न संपवता नुसते शेजारी राहतात.

नागोयाच्या प्रयोगाविषयी म्हणाल, तर त्या गटाने सलाईनमधील चारही क्षार वेगवेगळे तपासले असता परिणाम सोडियम लॅक्टेटमुळेच होतो असे आढळले होते. तो परिणाम कर्कपेशींवरचा आहे. त्यावरून जंतूंविषयी अनुमान काढणे मला घाईचे वाटते.

आपण एक तुलनानमुना अवश्य ठेवावा: तेवढेच पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट साध्या पाण्यात मिसळून सामू तेवढाच करावा आणि जंतूंवर लगेच घालावे. परिणाम जुळला, तर प्लाझ्माचे वेगळे रहस्य शोधण्याची गरज नाही. दुसऱ्या नमुन्यात कॅटॅलेज (पेरॉक्साइड मोडणारे विकर) घालून पेरॉक्साइडचा वाटा वेगळा काढता येईल.

आकडे हलण्याचे कारणही नायट्राइटच असावे, कारण टायटॅनियमचे अभिकर्मक स्वतः आम्लधर्मी असल्याने मोजणी चालू असतानाच नायट्राइट पेरॉक्साइड खाते. नमुना घेताक्षणी सोडियम अझाइड घालून नायट्राइट नष्ट करावे आणि त्यानंतरच अभिकर्मक मिसळावे. अझाइड अत्यंत विषारी असून आम्लात त्याची घातक वाफ सुटते, म्हणून हे काम धूरकपाटातच आणि मार्गदर्शकांच्या उपस्थितीत करावे.