ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३०: १२० च्या पुढची ओढ वाढवायची आहे, आधी काय बदलू?

टिळकवाडी_व्हीआरएस (बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची व्हीआरएस २३०, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, आता केए २२ पासिंग. २.० टीएसआय टर्बो पेट्रोल, सहा गिअरची डीएसजी (दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक). आधीच्या मालकानं स्टेज १ मॅप (इंजिनच्या संगणकातलं ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर) मारून घेतलाय, कागदावर ४२० न्यूटन मीटर टॉर्क लिहिलाय. खालून गाडी जोरात सुटते. पण कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर नेली तेव्हा सरळ पट्ट्यावर १२० नंतर ढिली पडली, आणि गाडी तापल्यावर तर जास्तच. एप्रिलच्या दुपारी तवंदी घाट चढतानाही तसंच वाटतं. ट्यूनर म्हणतोय आयएस३८ हा मोठा टर्बो बसवा. सरळ टर्बोच घेऊ, की त्याच्या अलीकडं काही करण्यासारखं आहे?

रंकाळा_टर्बो (कोल्हापूर)

आयएस३८ घ्या. गोल्फ आर मधला टर्बो आहे, तुमच्या इंजिनच्या हेडला सरळ बसतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धुराच्या नळ्यांचा जोड) बदलायची भानगड नाही. वरच्या आरपीएमला गाडी वेगळीच होते.

उद्यमबाग_क्रँक (बेळगाव)

टर्बोला नाही म्हणत नाही, पण आज नको. माझा जन्म उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासण्यात गेला आणि इंजिनाबद्दल मला माया आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ४२० चा आकडा बाजूला ठेव. वेगात गाडी ओढते ती पॉवरवर, आणि पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन मीटरला आरपीएमनं गुणून ७०२४ नं भाग, पीएस मिळतात. ४२० हे ३००० आरपीएमला येत असतील तर झाले १७९ पीएस. कंपनीची मूळ गाडी बघ: ३५० न्यूटन मीटर ४६०० पर्यंत, तिथं २३० पीएस भरतात, आणि तेच २३० ती ६२०० पर्यंत धरून ठेवते. म्हणजे ६२०० ला टॉर्क २६० वर आलेला असतो, तरी ताकद तेवढीच. तुझ्या मॅपनं खाली धक्का वाढवलाय. ५५०० ते ६२०० मध्ये किती उरतंय ते विचार ट्यूनरला. ६२०० ला ३१० धरले तर २७० च्या वर पीएस होतात, आणि १२० नंतर जाणवतं ते एवढंच.

का जाणवतं तेही सांगतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, तो कापायला लागणारी ताकद घनानं. १०० च्या तुलनेत १४० ला अडथळा जवळजवळ दुप्पट, ताकद पावणेतीन पट. १६० ला चौपटीच्या वर. खालचा टॉर्क कितीही असो, तिथं त्याचा उपयोग नाही.

आता आपल्या गावाचं. बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. मॅपनं इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा जाते त्या नळ्यांत) एकूण २.२ बार दाब मागितला तर पणजीत टर्बोला हवा साधारण २.२ पट दाबावी लागते, इथं २.४ पट. मग तो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. तुझ्या गाडीतला आयएस२० टर्बो लहान आहे, वरच्या आरपीएमला धापा टाकतो. त्यात कंपनीचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा निववणारा) एकदा भिजला उष्णतेनं की लवकर निवत नाही. आत जाणारी हवा ४० च्या जागी ६० अंशाची झाली तर ती सहा टक्के पातळ, शिवाय नॉक (पेट्रोलचा आपोआप भडका) यायला लागतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागं घेतो. तापल्यावर ढिली पडते म्हणालास, ते लक्षण मला याचंच वाटतंय. मोठा टर्बो लावून त्याच इंटरकूलरमधून जास्त गरम हवा ढकललीस तर पैसे गेले की ओ.

लॉग काढ. म्हणजे ईसीयूतले आकडे नोंदवून घे: तिसऱ्या गिअरला ३००० पासून ६२०० पर्यंत फुल अ‍ॅक्सिलरेटर, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट (टर्बोचा दाब) मागितलेला आणि मिळालेला, चारही सिलिंडरची टायमिंग माघार. हायवेवर नको करूस. आपल्या चौपदरीवर कारला १०० ची मर्यादा, आणि साखर कारखाने सुरू असले की संकेश्वर-निपाणी पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री मागं लाइट नसताना चालतात. डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजतात तिथं) नाहीतर ट्रॅकवर कर.

खानापूर_घाट (खानापूर)

काका बोलले त्यात एक भर. डीक्यू२५० चं, म्हणजे तुमच्या डीएसजी गिअरबॉक्सचं, तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलायचं असतं. सेकंडहँड गाडीत बिल हातात नसेल तर झालं नाही असंच समजा. आयएस३८ घेतलात तर गिअरबॉक्सचाही मॅप लागेल, क्लच प्लेटांचा दाब वाढवावा लागतो, नाहीतर टॉर्क आला की त्या घसरतात. चोर्ला घाटात उतरणाऱ्या गाडीला ब्रेक ऑइलही ताजं हवं, दोन वर्षांवर जुनं नको.

टिळकवाडी_व्हीआरएस (बेळगाव)

काका, डायनोवर लॉग काढले. बूस्ट ५००० पर्यंत मागितलेला मिळतोय, पुढं कमी पडतोय. हवा पहिल्या रनला ४४ अंश, लगोलग केलेल्या पुढच्या रनांना ६३. टायमिंग दोन सिलिंडरवर पाच-सहा अंश मागं. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं होतं.

उद्यमबाग_क्रँक (बेळगाव)

बघ, ६३ अंश आणि पाच-सहाची माघार! सापडलं की.

आता क्रमानं जा. इंटरकूलर मोठा घे, तुझ्या गाडीत तो पुढं हवेवर निवणारा आहे, काम सोपं. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घाल, गॅप ०.६ मिमीच्या आसपास, कारण दाब वाढला की ठिणगी विझते. डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप) मोकळा कर पण कॅटलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) असलेलाच घे. बिनकॅटलिस्टच्या पाइपनं पीयूसी तर जातेच, मागच्या गाडीवाल्याच्या नाकात धूर जातो ते वेगळं. मग मॅप नव्यानं लिहून घे, आणि ९५ वरच. १०० ऑक्टेन रोज टाकणार असशील तरच त्याचा मॅप माग. ट्यूनरला स्पष्ट सांग: खाली ३८० वर थांब, आणि वाचलेली ताकद ५५०० च्या पुढं दे. डीएसजीही सुखानं राहील.

विम्याला लेखी कळव. आरसीवरच्या माहितीत बसत नाही असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, ते आरटीओत आधी विचारून घे.

टिळकवाडी_व्हीआरएस (बेळगाव)

म्हणजे आयएस३८ रद्दच?

उद्यमबाग_क्रँक (बेळगाव)

रद्द नाही. हे सगळं बसवून परत लॉग काढ. हवा ५० च्या आत, माघार दोन अंशाच्या आत, आणि तरी ५००० नंतर बूस्ट पडतोय, असं दिसलं तर टर्बोच कमी पडतोय हे नक्की. मग घे आयएस३८, खालून थोडा उशिरा जागा होतो पण तुला हवं ते वरचं देतो. नव्या लॉगचे आकडे इथंच टाक, मी बघतो.