मदत हवी आहे: स्पिन म्हणतो 'एरर ०', पण मोटर उघड्या दारानेच सुरू होते

अडकलेला_बाण
तीन दिवस डोकं फोडतोय. लिफ्ट कंट्रोलरच्या रिक्वायरमेंट्स नऊ सीक्वेन्स डायग्राममध्ये (घटकाला एक उभी रेषा, रेषांमधले बाण म्हणजे निरोप) आहेत. त्या प्रोमेलात (स्पिनच्या मॉडेल-भाषेत) उतरवल्या, 'मोटर सुरू असेल तर दार बंदच हवं' ही अट एलटीएलमध्ये (घटनाक्रमाच्या तर्कभाषेत) लिहिली आणि स्पिन (मॉडेलच्या सगळ्या शक्य वाटा तपासणारं साधन) चालवलं. एरर ०. सिम्युलेटरवर मात्र कधीकधी दार उघडं असतानाच मोटर फिरते. स्पिनमध्ये बग आहे का? उद्या रिव्ह्यू आहे, जाणकारांनी लवकर सांगावं.

गणिती
स्पिन १९९१ पासून लोकांच्या हातात आहे. बग आधी तुमच्या मॉडेलात सापडेल, पैज! प्रोमेलात प्रोसेस (स्वतंत्र चालणारा भाग) कशाची केलीत? चॅनल (निरोपांचे मार्ग) बफरचे, म्हणजे निरोप साठवणारे, की शून्य क्षमतेचे? आउटपुट अख्खं टाका. 'अनरीच्ड'च्या (कधीच न गाठलेल्या पायऱ्यांच्या) ओळी काय म्हणतात?

टेस्टर_ताई
दोष सिम्युलेटरवर सापडलाय ना? मग दुरुस्त करा आणि मोकळे व्हा. हे फॉर्मल (गणिती) पडताळणीचं सोवळं कशाला?

जुना_खोड
लिफ्ट म्हटलं की वेळ आलीच. उप्पाल (वेळेसकट तपासणारं साधन) घ्या, टाइम्ड ऑटोमाटा (घड्याळं जोडलेली मॉडेलं) काढा. मी कायम तेच वापरतो.

गणिती
@जुना_खोड, वेळेचं नावही निघालेलं नाही धाग्यात.

जुना_खोड
निघेल.
अवांतर: उप्पाल हे नाव उप्साला आणि आल्बोर्ग या दोन विद्यापीठांवरून जुळवलंय.

हौशी_चित्रकार
डायग्राम हाताने काढता का? प्लँटयूएमएलमध्ये नुसतं टाइप करा, चित्र आपोआप तयार होतं.

अडकलेला_बाण
चित्रं काढायची नाहीयेत हो, आहेत ती! @गणिती, प्रत्येक डायग्रामला एक प्रोसेस, वरून खाली एकेक निरोप. सरळ आहे. अनरीच्ड काही नाही. वादाचा डायग्राम असा: कंट्रोलरकडून दाराला 'बंद हो', दाराकडून पॅनेलला 'बंद झालं', त्याखाली कंट्रोलरकडून मोटरला 'सुरू'.

गणिती
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

'बंद झालं' पॅनेलला कळलं. कंट्रोलरला कोणी सांगितलं? त्याच्या रेषेवर दोनच घटना आहेत: 'बंद हो' पाठवणं आणि 'सुरू' पाठवणं. एका उभ्या रेषेवरचा क्रम धरायचा, आणि निरोप पाठवल्याशिवाय मिळत नाही एवढं धरायचं. बाकी कागदावर वर-खाली असण्याला काही अर्थ नाही. मेसेज सीक्वेन्स चार्टमधली (याच जातीच्या चित्रांतली) ही जुनी खोच, अलूर, होल्झमन आणि पेलेड यांनी १९९६ मध्येच अशा शर्यती (चित्रात दिसतो तो क्रम प्रत्यक्षात पाळला जाईलच असं नाही, अशा जागा) हुडकायचं साधन मांडलं होतं. यातला होल्झमन म्हणजे स्पिनवालाच.

तुम्ही अख्खा डायग्राम एका प्रोसेसमध्ये ओतलात, म्हणजे चित्रात नसलेला क्रम स्वतःच घातलात. मग अट खरी ठरणारच. रेषेला एक प्रोसेस करा, मधे बफरवाले चॅनल ठेवा.

टेस्टर_ताई
म्हणजे माझ्या टेस्टिंगने पकडलं ते तुमच्या गणिताने झाकलं.

गणिती
गणिताने नाही, भाषांतराने. आणि टेस्टिंगने 'कधीकधी' पकडलं. का होतं ते कुठे कळलं?

अडकलेला_बाण
केलं. आता एरर १, पण ट्रेल (चुकीपर्यंतच्या पावलांची यादी) मारुतीच्या शेपटासारखा. त्यातून काय वाचायचं?

गणिती
साधी सेफ्टीची ('वाईट कधीच घडू नये' अशी) अट आहे. मॉडेलात असर्ट (अट तपासणारी ओळ) लावा आणि पॅन (स्पिनने तयार केलेला तपासणी-प्रोग्रॅम) ब्रेड्थ-फर्स्टसाठी (जवळच्या अवस्था आधी तपासायला) कंपाइल करा. सगळ्यात आखूड वाट मिळेल.

अडकलेला_बाण
मिळाली! 'बंद हो' चॅनलमध्येच पडून आहे, दाराने उचललेलंसुद्धा नाही, आणि मोटर सुरू. डायग्राम काढणारे मात्र म्हणतात, "वर काढलंय म्हणजे आधी होणार, शेंबड्या पोरालाही कळतं." दार ते कंट्रोलर असा बाण मीच वाढवून टाकू का?

गणिती
परस्पर नको. तो बाण म्हणजे नवीन रिक्वायरमेंट आहे, ती त्यांनी लिहून द्यावी. आणखी एक विचारून घ्या: चित्र 'असं घडू शकतं' म्हणतंय की 'असंच घडलं पाहिजे'? साधा सीक्वेन्स डायग्राम याबाबत मूग गिळून बसतो. डॅम आणि हॅरेल यांच्या लाइव्ह सीक्वेन्स चार्टमध्ये हा फरक चित्रातच दाखवता येतो. उरलेल्या आठांतही हीच गोची असणार.

अडकलेला_बाण
आठ?! रिव्ह्यू पुढे ढकलायला सांगतो. ट्रेल त्यांना पाठवलाय.

जुना_खोड
दार किती सेकंदांत बंद व्हायला हवं, ते विचारलंत का?