बिटकॉइनच्या लाइटनिंग चॅनेलचं सेटलमेंट हलकं आणि लवकर व्हावं, यासाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत घरीच रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एलएनडीचा (लाइटनिंगचं सॉफ्टवेअर) नोड चालवतो. लाइटनिंग म्हणजे दर वेळी मुख्य चेनवर न जाता दोघांतल्या चॅनेलमधून बिटकॉइन पाठवायची सोय. चॅनेलमधून पैसे सेकंदात पोचतात, तिथे काही म्हणणं नाही. त्रास होतो तो चॅनेल बंद होताना. परवा समोरचा नोड गायब झाला, फोर्स क्लोज (एकतर्फी बंद) करावं लागलं आणि नेमके सहा एचटीएलसी (मुदतीच्या अटीवरची, अजून पुरी न झालेली पेमेंटं) मधेच लटकलेले. फी दणकून लागली आणि सॅट (बिटकॉइनची सुटी नाणी) अजून हातात नाहीत. नवं चॅनेल उघडायचंय. चेनवर जाणारं ट्रान्झॅक्शन लहान कसं ठेवायचं आणि पैसे लवकर कसे सुटतील?

माणदेशी (विटा)
फी रकमेवर नसते, बाइटवर असते. कमिटमेंट म्हणजे एकतर्फी बंद करताना चेनवर जाणारं ट्रान्झॅक्शन. अँकरवालं (ज्याची फी नंतर वाढवता येते ते) कमिटमेंट रिकामं असलं तरी २८१ व्हीबाइटचं (फीसाठी मोजायचा आकार). लटकलेल्या प्रत्येक एचटीएलसीमागे ४३ वाढतात. तुमचे सहा म्हणजे २५८, जवळपास दुप्पटच की राव! तुमच्या बाजूचं कमिटमेंट गेलं असेल तर प्रत्येक एचटीएलसी सोडवायला आणखी दीडशेच्या वर व्हीबाइट.
नियमाप्रमाणे एका बाजूने ४८३ एचटीएलसी लटकू शकतात. समोरच्याकडून एका वेळी किती घ्यायचे, ते चॅनेल उघडताना ठरवता येतं. घरगुती नोडला वीस-तीस बास.
उशिराचं म्हणाल तर फोर्स क्लोजनंतर तुमच्या पैशांना किती थांबावं लागेल, ती मुदत समोरचा ठरवतो. एलएनडी चॅनेलच्या आकारानुसार १४४ ते २०१६ ब्लॉक लावतं, म्हणजे एक दिवस ते दोन आठवडे. कमाल किती चालेल हे उघडतानाच सांगा. पण समोरच्यावरची मुदत फार कमी करू नका. त्याने जुनं, आधीच्या हिशेबाचं कमिटमेंट चेनवर टाकलं तर तेवढ्याच वेळात तुम्हाला ते पकडायचं असतं, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)
वरचं सगळं पटलं, पण माझ्या मते खरी बचत टॅपरूट (बिटकॉइनमधली एक सुधारणा) वापरणाऱ्या चॅनेलमध्ये आहे. जुन्या चॅनेलचं फंडिंग (उघडताना अडकवलेली रक्कम) खर्च करताना सुमारे ७२ बाइटच्या दोन सह्या आणि वर ७१ बाइटची स्क्रिप्ट (खर्चाच्या अटी) उघडी टाकावी लागते. टॅपरूटमध्ये म्यूसिग२ या पद्धतीने दोघांची मिळून एकच ६४ बाइटची श्नॉर प्रकारची सही होते, स्क्रिप्ट दिसतही नाही. इनपुट ९६ वरून ५७.५ व्हीबाइटवर येतं. दोघांनी संमतीने चॅनेल बंद केलं तर अख्खं ट्रान्झॅक्शन १६८ च्या जागी १३० च्या आसपास, आणि मुदतीची वाट बघणंही नाही. बिटकॉइनवर टॅपरूट नोव्हेंबर २०२१ पासून आहे, एलएनडीत ही चॅनेलं ०.१७ आवृत्तीपासून. दोन्हीकडे सेटिंग चालू हवं.
अडचण एवढीच, की ०.१७ मध्ये ती अघोषित (नेटवर्कला जाहीर न केलेली) ठेवावी लागतात. रूटिंग (दुसऱ्यांची पेमेंटं पुढे पाठवणं) करता का तुम्ही?

कृष्णाकाठ
नाही, फक्त स्वतःची देणीघेणी. मग जमेल. एल्टूसाठी (चॅनेलची प्रस्तावित नवी पद्धत) थांबावं का?

माणदेशी
नको. त्याला बिप ११८ या प्रस्तावासारखा सॉफ्ट फोर्क (बिटकॉइनच्या नियमांत बदल) लागतो, तो बिटकॉइनमध्ये आलेला नाही. आणि चॅनेल फक्त लहान-मोठं करायचं असेल तर बंद करून परत उघडू नका. स्प्लायसिंगमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये काम होतं. फिनिक्स वॉलेटने २०२३ मध्येच आणलंय.

अजिंक्यतारा
कृष्णाकाठ, उघडण्याआधी ०.१८ वर या. टॅपरूट चॅनेलना वॉचटॉवरची (तुमचा नोड बंद असताना जुनं कमिटमेंट पकडणारा पहारेकरी) राखण तिथून मिळते. टॉवर मात्र तुमच्या घराबाहेर, दुसऱ्या विजेच्या लाइनवर हवा.